ज्वारीत मोजलेले देश

"साहेब व्हय म्हणले तर वह्या आणा, नाय म्हणले तर लुगडं आणा. रिकाम्या हातानं येऊ नका," आईनं आप्पांना दारातून सांगितलं आणि भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं.

साहेब म्हणजे औरंगाबादेतले शिक्षण खात्याचे. वह्या आल्या तर मी आठवीत जाणार होते. लुगडं आलं तर ते गुरुवारी माझ्या अंगावर चढणार होतं, कारण गुरुवारी लाडसावंगीचे तात्यासाहेब त्यांच्या मुलासाठी, त्रिंबकसाठी, सुपारी फोडायला यायचे होते. आईनं त्यांना दोनदा थांबवलं होतं. पुन्हा थांबवायचं तर काहीतरी कारण हवं, आणि गावात आठवीचा वर्ग निघतोय एवढं एकच कारण तिच्यापाशी होतं.

हे सगळं मला काल पुन्हा आठवलं. मी आता नातीकडे असते, औरंगाबादेत क्रांती चौकाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. गाड्यांचा आवाज दिवसभर असतो, त्याची सवय झाली. नात घरात बसूनच दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेचं काम करते. सध्या तिचं काम म्हणजे कुठल्या देशाचं सरकार माध्यमिक शाळेतल्या एका मुलामागं किती खर्च करतं, ते एकापुढे एक मांडायचं. मी शेंगा सोलत होते आणि ती मोठ्यानं नावं वाचत होती. जपान, इंग्लंड, इजिप्त, ब्राझील. म्हणाली, "आजी, आधी सगळं एका चलनात आणावं लागतं, नाहीतर सगळी गफलत होते."

"व्हय बाई," मी म्हणाले, आणि शेंगा तशाच ठेवून जरा आडवी झाले. एवढ्यानं थकवा यायचं कारण नव्हतं, पण आला.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही शेंद्र्याचे. आता तिथं कंपन्या आहेत आणि आमच्या वावराच्या जागी एक लांबच लांब भिंत आहे. तेव्हा जालना रस्त्याला लागून सगळी ज्वारी होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. मी सातवी पास झाले होते, वर्गात मी एकटीच मुलगी. पुढची शाळा औरंगाबादेत, आणि तिथं मला ठेवून घेईल असं आमचं कुणी नव्हतं. मुलगे कुठंतरी खोली घेऊन, हातानं भाकरी थापून राहायचे. मुलीचं तसं होणार नव्हतं.

माझे वडील आप्पासाहेब, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, शेतकरी गडी, पण पेपर वाचायचा भारी नाद. नवं सरकार आलं आहे, ते लोकांचं ऐकेल, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. गावाला आठवीचा वर्ग मिळावा म्हणून त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. नुसती विनवणी करायची नाही, जगातली सरकारं पोरांच्या शिक्षणावर काय घालतात आणि आपलं काय घालतं, ते साहेबांपुढे ठेवायचं. सातवीला शिकवणारे रामकिसन मास्तर कुठूनसं एक बारीक पुस्तक घेऊन आले होते. पुण्याला छापलेलं, शिक्षकांच्या कुठल्याशा मंडळाचं. त्यात देशांची नावं होती, मुंबई इलाखा होता, आपलं हैदराबाद राज्य होतं, आणि प्रत्येकापुढे हायस्कुलातल्या एका मुलामागचा सरकारी खर्च. ते आकडे बरोबर होते की नव्हते, देव जाणे.

आकडे कलदार रुपयांत होते. हे आताच्या माणसांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे निजामाचा हाली रुपया चालायचा, गोदावरीच्या पलीकडे इंग्रजी कलदार. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. निजामाचं राज्य गेलं तरी त्याचा रुपया बाजारात तसाच फिरत होता. शेतसारा हालीत भरायचा, मुंबईचं कापड कलदारात घ्यायचं. सहाचे सात आणि साताचे सहा करणं आम्हां पोरांच्यासुद्धा अंगवळणी पडलं होतं. श्वास घेताना आपण घेतोय हे जसं ध्यानात येत नाही, तसं.

आप्पांनी पाटीवर हिशोब केला आणि कागदावर तक्ता उतरवला. पण गावच्या सह्या-अंगठे हवे होते, आणि कागद दाखवून कुणाला काय कळणार? म्हणून एका संध्याकाळी त्यांनी मारुतीच्या पारावर घोंगडी अंथरली, घरातून ज्वारीचं पोतं आणलं, माप आणलं, आणि देशादेशाची रास घालायला बसले. खळ्यावर करतात तशी. रुपया दिसत नाही, रास दिसते, असं त्यांचं म्हणणं.

"ही अमेरिका," आप्पा म्हणाले, आणि पायलीमागून पायली ओतत राहिले.

"बास की आप्पासाहेब, पोतं सरंल," कुणीतरी ओरडलं.

"हे इंग्लंड." ती रास जरा लहान. "हे जपान." अजून लहान. "हे इजिप्त."

केरबा धनगर त्याच्या शेळ्या घेऊन तसाच येऊन उभा राहिला होता. "मी काय म्हणतो आप्पासाहेब," तो म्हणाला, "सभा उठली की अमेरिकेची रास कुणाच्या घरला जाणार?"

सगळे हसले. हसण्याच्या नादात केरबाच्या एका शेळीनं इंग्लंडला तोंड लावलं. तिला हाकलून आप्पांनी आपल्या राज्याची रास घातली. पायलीनं नाही, नुसतं लहानसं मापटं भरून, थोडं वर. राशीला टोकसुद्धा नीट येईना. पोटच्या पोराचं ताट दुसऱ्याच्या पोराच्या ताटाशेजारी ठेवल्यासारखं झालं.

माझी भागू आत्या, आप्पांची थोरली विधवा बहीण, बायकांत मागं बसली होती. तिनं विचारलं, "ह्या राशीत पोरी धरल्यात का रे आप्पा?"

"अक्का, पोर म्हंजी पोरगा-पोरगी दोन्ही."

"अमेरिकेत असतील दोन्ही. आपल्या मापट्यात पोरगी कुठं बसली ते दाखव मला."

आप्पा म्हणाले, "ती बसावी म्हणूनच चाललंय की हे," आणि शेवटची रास घातली. ती मुंबई इलाख्याची. ती आपल्यापेक्षा चिमूटभर कमी निघाली.

"अन् हे वो काय?" केरबा म्हणाला. "म्हंजी मुंबईवाल्यांपरीस आपण बरं?"

आप्पांनाही ते खटकलं होतं. त्यांनी पाटी पुन्हा पाहिली. हिशोब चुकला नव्हता. सभा उठल्यावर, राशी पोत्यात परत भरताना रामकिसन मास्तर हळूच म्हणाले, "आप्पासाहेब, मुंबईची ओळच गाळू आपण. अमेरिका, इंग्लंड बास झालं. साहेब काय पुस्तक बघायला जाणारेत?"

"नाय मास्तर," आप्पा म्हणाले. "एक ओळ गाळली की बाकीच्याबी खोट्या झाल्या. निजामाच्या कचेरीत खोटं चालत होतं. ह्यांच्यापुढं तरी खरं न्यावं."

"खरं नेऊन वर्ग मिळाला म्हंजी झालं," मास्तर म्हणाले. माझ्याकडे बघितलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

मला त्या वेळी आप्पांचा अभिमान वाटला होता. तेरा वर्षांच्या मुलीला असा बाप सगळ्यांत मोठा वाटतो.

औरंगाबादेला आम्ही जालन्याहून येणाऱ्या मोटारीनं गेलो. आप्पांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं. आठवीत बसणारी मुलगी साहेबांना डोळ्यांनी दिसू दे, म्हणून. शिक्षण खात्याच्या कचेरीत बाकावर बसून राहिलो. भाकरी तिथंच खाल्ली. मग साहेबांनी बोलावलं.

साहेब बाहेरच्या मुलखातले होते, नव्या सरकारनं पाठवलेले. बोलायला चांगले. मला म्हणाले, "काय शिकायचंय पुढं?" मी म्हणाले, "आठवी." त्यांना हसू आलं, पण वाईट हसले नाहीत. आप्पांनी तक्ता पुढे ठेवला. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. अमेरिकेवर ते थांबले नाहीत, इंग्लंडवर थांबले नाहीत. खालच्या दोन ओळींवर थांबले.

"आप्पासाहेब, फार कष्ट घेतलेत. असा अर्ज माझ्याकडे आजवर आला नाही."

"जी."

"पण इथं तुम्हीच लिहिलंय की आपलं सरकार मुंबई इलाख्यापेक्षा थोडं जास्तच देतं. आता मी हैदराबादेला काय लिहू? अमेरिकेशी आपली बरोबरी कोण मागणार? शेजाऱ्याशी मागतात. आणि शेजाऱ्याच्या तर आपण पुढे आहोत."

"पण साहेब, ती रास..." आप्पा म्हणाले आणि थांबले. रास काय ते साहेबांना कसं कळणार?

"यंदा नाही जमायचं," साहेब म्हणाले. अर्जावर दोन ओळी लिहिल्या आणि शिपायासाठी घंटी वाजवली.

कचेरीतून आम्ही गुलमंडीच्या बाजाराकडे चालत गेलो. वह्यांची दुकानं वाटेतच होती. त्यांच्यावरून जाताना आप्पांनी मान वळवली नाही.

मोईनभाईंच्या कापडाच्या दुकानात आमचं जुनं येणंजाणं. एकेकाळी दुकान दोन दारांचं होतं. त्यांचा भाऊ पाकिस्तानात निघून गेला तेव्हापासून एक दार बंदच असे. मोईनभाईंनी मला बसायला पाट दिला. "बिटिया बडी हो गई आप्पासाब," म्हणाले, आणि न विचारताच लग्नाच्या बाजूचे गठ्ठे खाली काढले. हिरवं आणि जांभळं असं एक लुगडं त्यांनी माझ्या गुडघ्यावर पसरलं.

"क्या बोलते?" आप्पांनी विचारलं.

मोईनभाईंनी भाव सांगितला. "माल बंबईका है, कलदार बोला मैं."

"हालीत मग..." आप्पांनी डोळे किंचित मिटले, सहाचे सात करायला. आणि तसेच राहिले.

"क्या हुआ? जास्ती लगा? तुमकू थोडा छोड देता मैं."

आप्पा माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. "वच्छे," ते म्हणाले, "पुस्तक पुण्याचं व्हतं."

"व्हय आप्पा."

"म्हंजी सगळंच कलदारात व्हतं. आपलंबी. आपलं सरकार हालीत खर्च करतं म्हणून म्या आपली ओळ तेवढी हालीत केली. सहाचे सात केले. पाटीवरसुद्धा नाय, मनातल्या मनात. बाकीच्या तशाच कलदारात ठेवल्या." त्यांनी लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. "आपण मुंबईच्या पुढं नाय बाई. आपण मागंच हाय."

मोईनभाईंना यातलं काही कळलं नाही. "लुगडा नक्को क्या?" त्यांनी विचारलं.

"ठेवा बाजूला. आलोच," म्हणून आप्पा उठले आणि मला घेऊन जवळजवळ धावत निघाले. एवढ्या रस्त्यात मी एकदाही मागे पडले नाही. वाटत होतं, साहेब खुर्चीत बसलेले असतील, आप्पा सांगतील, साहेब दोन ओळी खोडतील. तेवढंच तर करायचं होतं.

कचेरीच्या दारात शिपाई विडी ओढत होता. साहेब जालन्याला दौऱ्यावर गेले होते. अर्ज?

"हैदराबादला गेला. दुपारची डाक गेली की."

"साहेब कधी येतील?"

"आठवडा तर लागंल. परभणीबी हाय त्यांच्याकडं."

आप्पा पायरीवर बसले. खिशातून पेन्सिल काढली, भाकरीच्या फडक्यात घडी करून ठेवलेला तक्त्याचा कच्चा कागद काढला, आणि आपली ओळ खोडून नवा आकडा लिहिला. मग तो कागद माझ्यापुढे धरला. "बघ," म्हणाले. "आलो का नाय खाली? चांगले खाली आलो." आपलं राज्य खाली आलं म्हणून माझा बाप खूश झालेला मी पाहिला.

मी विचारलं, "मग आता वह्या घ्यायच्या का?"

त्यांनी कागदाची घडी घातली. बराच वेळ घालत राहिले. "साहेब आले की पुन्हा येऊ," म्हणाले.

"साहेब गुरुवारच्या आदी येतील?"

याचं उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. आम्ही परत गुलमंडीला गेलो. मोईनभाईंनी लुगडं बाजूला ठेवलेलंच होतं. आप्पांनी भाव केला नाही.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात ज्वारी पाखडत होती, पारावरून परत आलेली, देशांची. तिनं माझ्या काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. आप्पाच बोलायला लागले. पुस्तक पुण्याचं, ओळ हालीत, साहेब जालन्याला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माझी चूक झाली," आप्पा म्हणाले.

"अन् तुमची चूक झाली नसती," आईनं विचारलं, "तर साहेब व्हय म्हणले असते?"

भागू आत्या आतून आली, माझ्या काखेतलं गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "चल बाई, हातपाय धू. दिवसभर उन्हात हायेस."

गुरुवारी सुपारी फुटली. मांडव उभा राहिला तेव्हा उन्हाळा संपलेला नव्हता. आप्पांनी दुरुस्त केलेला तक्ता डाकेनं पाठवला होता. त्यावर विचार चालू आहे असं उत्तर आलं, तेव्हा मी लाडसावंगीला चुलीपुढे बसत होते. माझे मालक त्रिंबकराव स्वभावानं चांगले होते, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पेपर आणून द्यायचे. पण सासरी पेपर वाचायला बसलं की सासूबाईंना नेमकं पाणी लागायचं. काही दिवसांनी मीच मागायचं सोडलं.

चारेक वर्षांनी आप्पा मला भेटायला आले. मोटारीतून उतरून उन्हातान्हात चालत आलेले. माझ्या मांडीवर थोरला होता, धाकटा पोटात. आप्पा ओसरीवर टेकले, पाणी प्याले, आणि कुणाची खुशाली विचारायच्या आधी म्हणाले, "वच्छे, हाली बंद झाली."

"ऐकलं."

"आता सगळं एकाच रुपयात. आता कुणी तक्ता केला तर चूक व्हायची नाय." त्यांनी खिशातून एक नवं पुस्तक काढलं. थोरल्यानं ते ओढायला हात घातला. "ह्यात रशियाबी हाय. म्या पुन्हा अर्ज करतोय."

"आठवीचा?"

"मग? सरू सातवीत हाय की."

सरू माझी धाकटी बहीण. माझ्या लग्नात ती फ्रॉकमध्ये होती, माझ्या पदराला धरून हिंडत होती. मी चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला. विचारलं, "सरूला बघायला कोण येतंय का?"

"येतेत दोघं-तिघं." आप्पा बशीत चहा ओतत होते. "तुझ्या आईनं सांगितलंय, साहेब काय म्हणतेत ते बघा, मग ठरवू."

"वह्या नायतर लुगडं."

आप्पांनी बशी खाली ठेवली. त्यांना वाटत असावं, मी ते विसरले असेन.

"आप्पा," मी म्हणाले, "ह्या खेपेला आदी दुकानात जा. वह्या घ्या. मग साहेबाकडं जा."

"अन् साहेब नाय म्हणले तर?"

"तर वह्या घेऊन घरी जा."

थोरल्यानं पुस्तकाचं एक पान फाडलं, रशिया होता की इजिप्त ते मी पाहिलं नाही. आप्पांनी ते पान त्याच्या हातातून घेतलं नाही. चहा पिऊन उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उन्हातच निघाले. मी थांबा म्हणाले, पण थांबले नाहीत.

वर्ग काही मंजूर झाला नाही. पण सरूकडे वह्या होत्या. रामकिसन मास्तर शाळा सुटल्यावर तिला सातवीच्याच खोलीत बसवून आठवीचं शिकवत, आणि भागू आत्या दारात वाती वळत बसे, लोकांनी काही बोलू नये म्हणून. त्या वर्षी सरूच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी आलं. लुगडं मोईनभाईंच्याच दुकानातलं होतं.